इंद्रवज्र आणि इंद्रधनुष्य: गल्लत नेमकी कुठे होते?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. दरीत ढग भरलेले, ढगावर माणसाची सावली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं. खाली लिहिलेलं असतं, "गोल इंद्रधनुष्य दिसलं!" बातम्यांतही हेच शब्द वाचायला मिळतात. खरं तर ते इंद्रवज्र असतं. दोन्हींसाठी सूर्य पाठीशी लागतो, समोर पाण्याचे थेंब लागतात आणि दोन्हींत तांबडा रंग बाहेरच्या बाजूला असतो. त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण दहावीच्या पुस्तकातलं इंद्रधनुष्याचं स्पष्टीकरण इंद्रवज्राला लावायला गेलं की ते एका ठिकाणी तुटतं. ती जागा विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावी असं मला फार वाटतं.

पुस्तकातलं चित्र आठवा. पावसाचा थेंब साधारण एक मिलिमीटरचा. किरण आत शिरताना वाकतो म्हणजे अपवर्तन होतं, रंग सुटे होतात म्हणजे अपस्करण होतं, थेंबाच्या मागच्या बाजूने आंतरिक परावर्तन होतं आणि बाहेर पडताना पुन्हा अपवर्तन. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून, म्हणजे आपल्या डोक्याची सावली जिथे पडते तिथपासून, तांबडा रंग सुमारे ४२ अंशांवर दिसतो आणि जांभळा सुमारे ४० अंशांवर. सरीतला थेंब थोडा लहान असो वा मोठा, हा कोन बदलत नाही. म्हणून इंद्रधनुष्य चंद्रपुरात बघा नाहीतर चिपळूणात, कमान तेवढीच. हात लांब करून वीत पसरली की ती साधारण २० अंश भरते. सावलीच्या डोक्यापासून दोन विती मोजल्या की कमान सापडते. सूर्य ४२ अंशांहून वर चढला की सपाट जमिनीवरून ती दिसतच नाही, म्हणून भर दुपारी इंद्रधनुष्य नसतं.

आता कडा. तिथे खाली पाऊस नसतो, ढग असतो. ढगातला थेंब एका मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा थोडा मोठा. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी धरली, तर अशा थेंबाच्या व्यासात जेमतेम वीस-तीस तरंग मावतात. इतक्या लहान थेंबासाठी 'किरण म्हणजे सरळ रेषा' हे चित्र पुरत नाही.

आणि तुटण्याची जागा हीच. इंद्रवज्राचा प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत फिरलेला असतो. थेंबाच्या अगदी कडेला चाटून जाणारा किरण घ्या, पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, १.३३ धरा आणि दोन अपवर्तनं, एक आंतरिक परावर्तन असा हिशोब करा. किरण १८० अंश वळायला हवा, पण तो सुमारे १६५ अंशच वळतो. पंधरा अंश कमी पडतात! हा हिशोब वहीत करून बघाच. ही तूट प्रकाश थेंबाच्या पृष्ठभागालगत थोडं अंतर सरकून भरून काढतो. मग थेंबाच्या कडेवरून चहूबाजूंनी परतणाऱ्या तरंगांचं एकमेकांशी व्यतिकरण होतं, म्हणजे ते कुठे एकमेकांना बळ देतात तर कुठे पुसून टाकतात, आणि त्यातून कडी तयार होतात, कधी एकात एक दोन-तीन.

इथे थेंबाचं आकारमान कळीचं ठरतं. थेंब जितके बारीक, तितकं कडं मोठं. तरीही त्याचा व्यास सहसा ५ ते २० अंश, म्हणजे फार तर एका वितीत मावणारा. ओळखायची खूण हीच. नुसतं गोल असणं हा पुरावा धरू नका, कारण पुरेशा उंचीवरून खाली पाऊस असेल तर इंद्रधनुष्यही पूर्ण गोल दिसू शकतं. पण ते चार विती रुंद असतं.

कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणून सकाळचा सूर्य पाठीशी आणि कोकणातले ढग पायाखाली, असा योग तिथे जुळतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथलं वर्तुळाकार 'इंद्रधनुष्य' नोंदवलं, तो दख्खनच्या हवामानावरचा लेख १८३५ साली प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस डोंगरावर १८९४ साली सी. टी. आर. विल्सन यांना अशीच कडी दिसली. ती प्रयोगशाळेत करून बघावीत म्हणून त्यांनी ढग बनवायला घेतले आणि त्यातून अभ्रकोष्ठ तयार झालं. अणूतल्या कणांचे मार्ग दाखवणाऱ्या या उपकरणासाठी त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं.

कड्यावर चौघं शेजारी उभे राहिले, तर प्रत्येकाला कडं फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, कारण त्याचं केंद्र सूर्य आणि बघणाऱ्याचा डोळा यांना जोडणाऱ्या रेषेवर असतं. इंद्रधनुष्यही असंच ज्याचं त्याचं असतं, फक्त ते इतकं मोठं असतं की लक्षात येत नाही.

गडावर जाणं जमत नसेल, तर विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्या. ढग जवळ असताना त्यांच्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती कडं दिसतं. नीट बघा, कड्याचं केंद्र सावलीच्या मधोमध नसतं. तुम्ही शेपटीजवळ बसला असाल, तर ते सावलीच्या शेपटीजवळ असतं.