पोझिशन (सीएसएस)

वेबपानावरचा एखादा घटक कुठे बसवायचा आणि ते अंतर कशापासून मोजायचे, हे ठरवणारा सीएसएसमधला (वेबपानाचे रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेतला) गुणधर्म. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ होकॉन व्हीउम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मधल्या पहिल्या आवृत्तीत फ्लोट (घटक डाव्या किंवा उजव्या कडेला सारणारा गुणधर्म) होता, पण पोझिशन नव्हते. ते मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. तोवर पानाची मांडणी टेबलांच्या चौकटींत कोंबून केली जाई आणि रिकामी जागा राखायला पारदर्शक चित्रे पेरली जात.

काहीच सांगितले नाही तर घटक ‘स्टॅटिक’ असतो, म्हणजे लिहिलेल्या क्रमाने आपल्या जागी येतो. अशा घटकाला टॉप (वरून अंतर), लेफ्ट (डावीकडून अंतर) कितीही दिले तरी तो हलत नाही. ‘रिलेटिव्ह’ घटक मूळ जागेपासून सरकतो, पण ती जागा त्याच्याच नावावर राहते. शेजारचे तिथे सरकत नाहीत.

‘ॲब्सोल्यूट’ घटक मात्र रांगेतून पूर्ण बाहेर पडतो. बातमीच्या फोटोवर उजव्या कोपऱ्यात ‘ताजी बातमी’ अशी लाल पट्टी लावायची आहे असे समजा. पट्टीला ॲब्सोल्यूट, टॉप ८ पिक्सेल, राइट ८ पिक्सेल दिले, की ती फोटो सोडून थेट पानाच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. कारण ब्राउझर वरच्या पिढ्यांमध्ये, म्हणजे पट्टी ज्यांच्या आत आहे त्या घटकांमध्ये, स्टॅटिक नसलेला सर्वांत जवळचा घटक शोधतो आणि मोजमाप तिथून करतो. तसा कोणी सापडला नाही तर ते पानापासून होते. फोटोच्या चौकटीला नुसते रिलेटिव्ह द्यायचे, तिला जराही न हलवता. पट्टी जागेवर येते. ही एक ओळ नीट कळली, की पोझिशन निम्मे कळले.

‘फिक्स्ड’ घटक पान सरकवले तरी पडद्यावर जागचा हलत नाही. पण वरच्या पिढीतल्या एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म (घटक फिरवणारा, सरकवणारा किंवा लहानमोठा करणारा गुणधर्म) लागलेले असेल, तर तो पडद्याऐवजी त्या घटकाला चिकटतो. ‘स्टिकी’ हा रिलेटिव्ह आणि फिक्स्ड यांच्या मधला. तालुकावार पावसाच्या लांबलचक तक्त्याचे शीर्षक वर थांबवून ठेवायला तो फार उपयोगी. त्याला टॉपसारखी एखादी मर्यादा द्यावीच लागते, आणि वरच्या पिढीतल्या एखाद्या घटकाला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारा भाग लपवणे) असेल तर तो चिकटत नाही.

घटक एकमेकांवर आले तर वर कोण, हे झेड-इंडेक्स हा आकडा ठरवतो. ९९९९ देऊनही घटक खालीच राहत असेल तर आकडा वाढवून उपयोग नाही. त्याचा पालक, म्हणजे तो ज्याच्या आत आहे तो घटक, वेगळ्या थरात आहे का ते बघावे, कारण आकडा त्या थराच्या आतच चालतो. अपारदर्शकता (ओपॅसिटी) १ पेक्षा कमी केली तरी नवा थर तयार होतो.

ॲब्सोल्यूट घटकाची उंची पालकाच्या हिशेबात धरली जात नाही, आणि मराठी पानांना याचा फटका हमखास बसतो. इंग्रजीत एका ओळीत मावणारा मथळा मराठीत दोन ओळींवर जातो. तो फोटोच्या तळाशी बांधलेला असेल, तर वर वाढत माणसाच्या चेहऱ्यावर येतो. त्यात मथळ्याच्या पट्टीची उंची ठरावीक आणि ओव्हरफ्लो हिडन असेल, तर वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार छाटले जातात. ‘सर्व’चे ‘सव’ होते. अशा ठिकाणी ठरावीक उंची काढून टाकावी, लाइन-हाइट (ओळीची उंची) सैल ठेवावी आणि मांडणी शक्यतो फ्लेक्सबॉक्स किंवा ग्रिड या सीएसएसच्या मांडणी-पद्धतींवर सोपवावी.