थ्रॉटल बॉडी पोर्टिंग

थ्रॉटल बॉडी पोर्टिंग म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या थ्रॉटल बॉडीतील, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागातील, हवेचा मार्ग घासून त्यातील पायऱ्या, ओतकामाचे कंगोरे आणि खडबडीतपणा काढून टाकण्याचे काम. ॲक्सिलरेटर थोडासा दाबताच इंजिनाने लवकर उचल घ्यावी, म्हणजे गाडीचा पिकअप सुधारावा, हा त्यामागचा हेतू असतो. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे लेथ, कानस आणि डाय ग्राइंडरवर (हातात धरून धातू घासण्याचे छोटे यंत्र) हात बसलेले कारागीर पुष्कळ आहेत, आणि हौशी वाहनधारकाला लागणारी हत्यारेही शहरात सहज मिळतात. मात्र डिझेल गाड्यांना हा उपाय लागू पडत नाही. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नव्हे, तर इंधनाची मात्रा कमीजास्त करून नियंत्रित होते.

थ्रॉटल बॉडी हे सहसा ॲल्युमिनियमचे ओतीव कवच असते. त्याच्या गोल नळीत आडव्या शाफ्टवर दोन स्क्रूंनी बसवलेली पातळ चकती, म्हणजे बटरफ्लाय, फिरते. चकती पूर्ण उघडली तरी शाफ्ट मध्येच राहतो. नळीचा व्यास ४० मिमी आणि शाफ्ट ८ मिमी जाडीचा असेल, तर नळीच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ चौथा हिस्सा शाफ्टनेच अडवलेला असतो. नळी ४२ मिमी केल्यास क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी वाढते, पण त्यासाठी नवी, अचूक मापाची चकती बनवावी लागते आणि ते काम घरचे नाही. घरी करण्यासारखे काम चकतीच्या आधीच्या व नंतरच्या मार्गापुरतेच मर्यादित आहे.

काही थ्रॉटल बॉड्यांमध्ये चकतीच्या कडेलगत मुद्दाम वक्र उतार ठेवलेला असतो. त्यामुळे पेडल थोडे दाबल्यावर फट हळूहळू वाढते आणि रहदारीत गाडी धक्के न देता चालते. पोर्टिंगमध्ये हा उतार कमी केला की तेवढ्याच पेडलला जास्त हवा आत जाते, आणि चालकाला जाणवणारा फरक मुख्यतः इथूनच येतो. इंजिनाची कमाल शक्ती मात्र यामुळे क्वचितच वाढते, कारण ती सिलिंडरचे आकारमान, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट यांवर ठरते. ‘पोर्टिंगने पॉवर वाढते’ असे सरसकट सांगणे म्हणूनच चुकीचे आहे. द्वारका चौकातल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चालवणाऱ्याला तर मूळचा संथ उतारच अधिक सोयीचा ठरतो.

घासण्याआधी मोजणे आवश्यक आहे आणि ते अवघडही नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल असतो. समुद्रसपाटीवर तो १०१ च्या आसपास असतो. कसारा घाट चढून आल्यावर इंजिनाला मिळणारी हवा विरळ झालेली असते आणि ही घट कोणतेही पोर्टिंग भरून काढू शकत नाही. ज्या गाडीत मॅनिफोल्डमधील (थ्रॉटल बॉडीतून आलेली हवा सिलिंडरांत वाटणारी नळ्यांची जोडणी) दाबाचा सेन्सर आहे, तिला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे उपकरण) जोडून आधी चावी फिरवून पण इंजिन बंद ठेवून दाब वाचावा. नंतर मोकळ्या रस्त्यावर, सोबत्याला स्कॅनरकडे पाहायला सांगून, पूर्ण ॲक्सिलरेटरवर वरच्या आरपीएमला तोच दाब वाचावा. दोहोंतील फरक दोन-तीन किलोपास्कल असेल, तर थ्रॉटल बॉडी हवा अडवत नाही असे समजावे. फरक मोठा असेल, तरी आधी एअर फिल्टर आणि त्याची नळी तपासावी, कारण मोजलेल्या फरकात त्यांचाही वाटा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनासाठीच ही तुलना इतकी सरळ आहे.

प्रत्यक्ष कामात बॅटरीची ऋण तार काढून थ्रॉटल बॉडी मॅनिफोल्डपासून सोडवतात आणि मॅनिफोल्डचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करतात. सेन्सर व आयडल मोटर (पेडल न दाबता इंजिन संथ चालू ठेवणारी मोटर) वेगळी करून चकतीची बाजू खुणेने नोंदवतात. चकतीच्या स्क्रूंची टोके कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. ती घासून कमी केल्याशिवाय स्क्रू काढू नयेत, अन्यथा शाफ्टचे आटे जातात. मग १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून २२० आणि ४०० पर्यंत जावे. ॲल्युमिनियमचा चुरा पेपरात व ग्राइंडरच्या दगडात भरून बसतो, म्हणून रॉकेलचा हात द्यावा. चकती बंद असताना तिची कड नळीच्या ज्या पट्ट्याला टेकते, तो पट्टा अजिबात घासू नये. तेथे केसाएवढी फट पडली तरी बंद चकतीतून हवा झिरपते, आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, चढते आणि ते कोणत्याही सेटिंगने खाली येत नाही. काही थ्रॉटल बॉड्यांत या पट्ट्यावर गडद रंगाचा लेप दिलेला असतो. तो मळ समजून पुसू नये.

जोडताना नवे स्क्रू, थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) आणि टोके पुन्हा ठोकणे या तिन्ही गोष्टी अनिवार्य आहेत, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. चकती हाताने अनेकदा उघडून स्प्रिंगच्या जोरावर ती पूर्ण मिटते का, हे इंजिन चालू करण्याआधी पाहावे; अडकणारा थ्रॉटल घाटात प्राणघातक ठरू शकतो. ज्या गाड्यांत केबलऐवजी मोटार चकती फिरवते, तेथे आयडल पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते, आणि पेडलचा प्रतिसाद संगणक ठरवत असल्याने घासकामाचा उपयोगही कमी होतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषण मानकांच्या गाड्यांत वॉरंटी आणि पीयूसी यांचा विचार आधी करावा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध घालते.