विश्वासाची खातरी (ख्रिस्ती धर्म)

विश्वासाची खातरी म्हणजे देव, येशू ख्रिस्त आणि स्वतःचे तारण (पापातून सुटका) यांविषयी ख्रिस्ती माणसाच्या मनात असलेला निश्चय, आणि तो निश्चय ज्यावर टेकलेला असतो तो आधार. व्यवहाराच्या मराठीत ‘खात्री’ रुळली असली तरी बायबलात आणि उपासनेत ‘खातरी’ टिकून आहे. ‘तुम्हाला तारणाची खातरी आहे का?’ हा प्रश्न नाशिकच्या मंडळ्यांमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या शेवटी आजही विचारला जातो. अनेकजण या प्रश्नाने गोंधळतात, कारण तो आपल्या भावनेची तपासणी करतो असे त्यांना वाटते. मुळात प्रश्न भावनेचा नाही.

इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायाची सुरुवात मराठी बायबलात अशी आहे : ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.’ येथे ‘भरवसा’साठी मूळ ग्रीक शब्द हुपोस्तासिस आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘खाली उभे असलेले’, म्हणजे पाया. ‘खातरी’साठी एलेंखोस, म्हणजे पुरावा किंवा शहानिशा. दोन्ही शब्द मनाच्या बाहेर बोट दाखवतात. प्रार्थनेच्या शेवटचा ‘आमेन’ ज्या हिब्रू धातूपासून आला, त्याचा अर्थही स्थिर असणे, भार पेलणे असाच आहे. संस्कृत ‘विश्वास’ मात्र श्वासातून आला आहे : मोकळा श्वास घेता येणे, निर्धास्त होणे. पाया पक्का असेल तरच श्वास मोकळा होतो, म्हणून हे दोन अर्थ मराठी ख्रिस्ती माणसाला परस्परविरोधी वाटत नाहीत.

हा पाया कोणता, याचे सर्वांत जुने उत्तर साक्ष हे आहे. आरंभीच्या चर्चचा प्रेषित पौल याने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते इसवी सन ५५ च्या सुमारास. त्याच्या १५व्या अध्यायात पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला याची यादी येते. त्यात पाचशेहून अधिक बंधूंना तो एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल सांगतो. ज्याला विचारायचे त्याने जाऊन विचारावे, असाच याचा अर्थ. त्याच अध्यायात तो पुढे म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. स्वतःचा धर्म एका घटनेच्या खरेपणावर इतक्या उघडपणे टांगणारे वाक्य धर्मग्रंथांत क्वचितच सापडेल. साक्षीच्या जोडीला दुसरा आधार वचनाचा, म्हणजे देवाने दिलेल्या शब्दाचा. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात तिसरा आधार येतो : आपण देवाची मुले आहोत अशी पवित्र आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो. येथेही शब्द ‘साक्ष’ हाच आहे. आतला अनुभवसुद्धा कोणीतरी दिलेली साक्ष म्हणून येतो, माणसाने प्रयत्नाने उकळवलेला उत्साह म्हणून नव्हे.

शंका आली की खातरी गेली, हा समज शुभवर्तमानांना, म्हणजे येशूच्या चरित्राच्या बायबलातल्या चार पुस्तकांना, मान्य नाही. योहानाच्या २०व्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा म्हणतो, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय आणि त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. आठ दिवसांनी येशू येतो आणि तेच व्रण त्याच्यापुढे करतो. थोमाने बोट घातले असे मजकुरात कुठेही नाही. तो फक्त ‘माझा प्रभू व माझा देव’ एवढेच म्हणतो. मार्काच्या ९व्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप तर एका दमात दोन्ही बोलतो : ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ त्याचा मुलगा बरा होतो. अविश्वास आधी निस्तरून ये, अशी अट घातली जात नाही.

स्वतःच्या तारणाची खातरी माणसाला किती असू शकते, यावर मात्र चर्चमध्ये खरा मतभेद झाला. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनसने एक उपयोगी भेद केला होता : कारणाकडून पाहिले तर श्रद्धा सर्व शास्त्रांहून निश्चित, कारण तिच्यामागे स्वतः देव आहे, माणसाकडून पाहिले तर कमी, कारण तिचा विषय बुद्धीच्या मुठीत पूर्ण येत नाही. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने विश्वासाची व्याख्याच ‘देवाच्या आपल्यावरील कृपादृष्टीचे दृढ व निश्चित ज्ञान’ अशी केली. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिले : आपल्याला कृपा लाभली आहे हे चुकीला जागाच नाही अशा निश्चितीने कोणी जाणू शकत नाही, पण देवाच्या साहाय्यावर सर्वांनी अत्यंत दृढ आशा ठेवावी. पुढे १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने प्रॉटेस्टंट बाजूनेच मान्य केले की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही या खातरीसाठी दीर्घकाळ थांबावे आणि झगडावे लागू शकते. दोन्ही बाजू भांडल्या त्या माणसाच्या मनाबद्दल. देव शब्द पाळतो, याबद्दल नव्हे.

हे थांबणे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण स्वतः ख्रिस्त पुढे अनेक वर्षांनी भेटला, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची वाट आणखी वेगळी. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्या मागोमाग गेल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकटीने मनाशी सोडवला, कोणाच्याही हातचे खायचे ठरवले, आणि स्वतःचा निश्चय झाल्यावरच बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या खातरीवर त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटली जाणारी विश्वासाची जुनी कबुली, मंडळी एका सुरात म्हणते तरी त्यातले क्रियापद एकवचनी असते : ‘मी विश्वास ठेवतो.’ शेजारच्या बाकावरचा आवाज आधार देतो, पण ‘मी’ ज्याचा त्याला म्हणावा लागतो.

नाशिकमध्ये खातरीची किंमतही मोजली गेली. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) मिशनसंस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शहराबाहेर शरणपूर वसवले. आज शरणपूर रोड भर शहरात आहे आणि तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना नावातला ‘शरण’ ऐकू येत नाही. धर्म बदलला की घर तुटत असे, जात तुटत असे. वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा कायदा झाला होता, पण कायद्याने आईच्या घरचा उंबरा परत मिळत नसे. अशांना, अनाथ मुलांना आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शरणपूरने जागा दिली. तिथे ती मुले शाळा शिकली, कारागिरीची हत्यारे धरायला शिकली, प्रार्थनापुस्तक वाचायला शिकली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये तो मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीतून आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले आणि दफनविधी वेनराइटने वाचला. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाला. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता.

अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या दफनविधीत, माती टाकताना म्हणायचे एक वाक्य आहे. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ असे म्हणून देह ‘सार्वकालिक जीवनासाठी पुनरुत्थानाच्या निश्चित व खातरीच्या आशेने’ जमिनीला सोपवला जातो. शरणपूरची अँग्लिकन परंपरा १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. हे वाक्य पाळक म्हणतो तेव्हा ज्याच्यासाठी म्हणायचे तो ऐकत नसतो, आणि त्याच्या मनात शेवटी किती खातरी होती हे उभ्या असलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. मूठभर माती हातात घेऊन सगळे पाळकाचे शब्द संपायची वाट पाहतात, आणि मग एकेक करून पुढे येतात.