कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवा

मे महिन्यात नागपुरात एक तक्रार घरोघरी ऐकू येते. कूलर नवा, ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवलेले, पाण्याने ओले होणारे गवताचे थर) नव्या, टाकी काठोकाठ भरलेली, तरी खोलीत नुसती चिकचिक. अशा घरी गेलो की मी आधी कूलर बघत नाही, त्याच्या समोरच्या भिंतीतली खिडकी बघतो. ती बहुधा बंद असते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "थंडावा बाहेर जाईल ना!"

एसीच्या बाबतीत हे बरोबर आहे. कूलरच्या बाबतीत मात्र अगदी उलट. हे उलट का, ते कळलं की कूलरबद्दलचे बाकीचे प्रश्न जवळपास आपोआप सुटतात.

पाण्यातले सगळे रेणू सारख्या वेगाने हलत नसतात. पृष्ठभागावरचे जे जास्त वेगवान असतात, तेच शेजाऱ्यांची ओढ तोडून वाफ होऊन निसटतात. मागे मंद रेणू उरतात, आणि रेणूंचा सरासरी वेग घटला म्हणजेच पाणी गार झालं. मातीच्या माठातलं पाणी याच कारणाने गार होतं आणि घाम वाळताना अंगाला गार वाटतं तेही याचमुळे. कूलरमध्ये पंप टाकीतलं पाणी वर चढवून ताट्यांवर सोडतो, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. ताटीतलं पाणी वाफ होताना त्या हवेतूनच उष्णता घेतं. जुन्या घरांत दाराला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारत, तेच काम इथे पंप आणि पंखा करतात.

ही उष्णता किती, याचा अंदाज सहसा नसतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे तासाला सुमारे १२,६०० किलोज्यूल उष्णता काढण्याची क्षमता. म्हणजे तासाला सव्वापाच लिटर पाणी उडालं की एक टन उष्णता हवेतून निघाली! भर उन्हात मोठा डेझर्ट कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज संपवतो. यातली बरीच गार हवा खिडकीतून बाहेर जाते, त्यामुळे एसीशी थेट बरोबरी करता येणार नाही. पण हे सगळं काम पंखा आणि पंप मिळून साधारण दोनशे वॅटमध्ये होतं, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. उष्णता उचलण्याचं खरं काम कोरडी हवा करते, वीज फक्त हवा आणि पाणी हलवते.

कोरडी हवा ही नागपूरची उन्हाळ्यातली मोठी पुंजी आहे. समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर, आणि मार्चपासून वायव्येकडून येणारे वारे कोरडे. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत हवा जितकी तापते तितकी ती वाफ सामावून घ्यायला तहानलेली असते.

ती किती तहानलेली आहे हे घरी मोजता येतं. साधा हवेचा थर्मामीटर घ्या, त्याच्या फुग्यावर ओली सुती चिंधी गुंडाळा आणि सावलीत पंख्यासमोर धरा. पारा उतरत जातो आणि एका जागी थांबतो. तो आकडा म्हणजे हवेचं ओलं तापमान. कूलर कितीही भारी असला तरी त्याची हवा याच्या खाली जाऊ शकत नाही. मेमधली एखादी दुपार घ्या, ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. तेव्हा ओलं तापमान निघतं जेमतेम २३. चांगल्या ताट्यांचा कूलर मधल्या २१ अंशांच्या फरकापैकी साधारण ऐंशी टक्के अंतर कापतो, म्हणजे हवा येते २७ अंशांची. बाहेर अंगाची लाही होत असताना हे मिळतं!

आता जुलै घ्या. ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के. ओलं तापमान २९. तोच कूलर, त्याच ताट्या, आणि हवा गार होते जेमतेम अडीच अंश, वर खोलीत आणखी दमटपणा भरतो. कूलर बिघडलेला नसतो. त्याचं इंधन संपलेलं असतं.

बंद खिडकीचा घोटाळा इथेच आहे. कूलरमधून येणारी हवा गार असते तशीच ओलीही असते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली काही मिनिटांत दमट होते. मेमध्ये बाहेर विदर्भाचं कोरडं ऊन असतं आणि आपण खोलीत स्वतःच्या हाताने जुलै तयार करतो. शिवाय आतली हवा कोंडली की पंखा बाहेरची नवी हवा पुरेशी ओढू शकत नाही. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. तासाला २,००० घनमीटर हवा फेकणारा कूलर ती दर मिनिटाला बदलू शकतो, पण जुनी हवा निघाली तरच. म्हणून कूलर खिडकीबाहेर हवा, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं हवं. वाट बरोबर आहे का हे बघायला एक उदबत्ती पुरते. ती समोरच्या खिडकीच्या फटीशी धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर ठीक. तो आतच घोटाळत राहिला तर खिडकी आणखी उघडा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओली करत बसतो, त्याचा फारसा उपयोग नाही.

टाकीत बर्फ टाकणारेही पुष्कळ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, तेवढंच पाणी उडताना त्याच्या सातपट. बर्फाने पहिली काही मिनिटं बरं वाटतं, मग टाकीतलं पाणी आपोआप ओल्या तापमानाजवळ येऊन ठेपतं. बर्फाचे पैसे वाचवा आणि ताट्या बदला.

ताट्यांकडे मात्र जवळून बघायला हवं. सीझनच्या मध्यावर एखादी ताटी काढून उजेडात धरा. बोअरचं पाणी वापरत असाल तर गवताच्या काड्यांवर पांढरट, खरखरीत थर दिसेल. पाणी उडतं, त्यातले क्षार उडत नाहीत. ते टाकीत साठत जातात आणि ताटीवर बसतात. थर चढलेली काडी पाणी धरत नाही, तिथून हवा कोरडीच, म्हणजे गरमच आत येते. टाकीत रोज नुसती भर घालत राहिल्याने क्षार वाढतच जातात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणं हाच उपाय.

त्याच टाकीच्या तळाशी गाळही सापडतो. रस्त्यावरची जाडी धूळ ओल्या ताटीला चिकटून खाली धुऊन येते, म्हणून कूलरची हवा स्वच्छ वाटते. पण फुप्फुसात खोलवर जाणारे अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण ताटीतून आरपार जातात. शेजारी कचरा जळत असेल तर कूलर तो धूर थेट तुमच्या पलंगापर्यंत आणतो, तेवढा वेळ तो बंद केलेलाच बरा. एसीचा दोष दुसरा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे दार लावून तीन-चार माणसं झोपली की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कित्येक पट होतो आणि सकाळी डोकं जड वाटतं. थोडी वीज जास्त गेली तरी चालेल, दाराला बारीक फट ठेवावी असं माझं मत आहे.

पाऊस सुरू झाल्यावर एसीला पर्याय कमी, हे मान्य करायला हवं. त्याच्या आतल्या नळ्यांत शीतक द्रव उकळतो आणि खोलीची उष्णता घेतो, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गच्चीवरच्या युनिटकडे पाठवतो आणि तिथे ती उष्णता बाहेर टाकली जाते. थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते, म्हणून जुलैतही खोली कोरडी राहते. एकाच खोलीत कूलर आणि एसी सोबत चालवणं मात्र निव्वळ नुकसान आहे. कूलरने हवेत घातलेलं पाणी पुन्हा बाहेर काढायला एसीला वीज जाळावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट शॉकची. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, अनवाणी पाय आणि ओलसर होऊन वेष्टन सैलावलेली पंपाची वायर, हे सगळं एकत्र आलं की प्रवाह पत्र्यातून थेट माणसात उतरतो. दोन पिनांच्या प्लगवर पत्र्याचा कूलर कधीही चालवू नका. तीन पिनांचा प्लग, भिंतीतलं अर्थिंग खरोखर जोडलेलं असणं आणि मीटरजवळ तीस मिलिअँपिअर प्रवाह गळला की तुटणारा आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, एवढं हवंच. परत जाणारा प्रवाह कमी पडला की हा आरसीसीबी सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. पाणी भरण्याचं काम बहुतेक घरांत मुलांकडे असतं, त्यांना हे शिकवून ठेवा.

राहता राहिला डास. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्याला टाकी रिकामी करण्याचा नियम इथेही लागू पडतो, पण नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते आणि ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. मृगाचा पाऊस पडला की कूलर तसाच झाकून ठेवायची आपली सवय आहे. त्याऐवजी टाकीच्या भिंती ब्रशने घासा, ताट्या काढून टाका, टाकी उन्हात पालथी सुकवा. न घासलेल्या टाकीत पावसाचं वाटीभर पाणी साचलं तरी तीच अंडी ऑगस्टमध्ये फुटतात.