कंटेनर पार्श्वभूमीत चालवणे

कंटेनर पार्श्वभूमीत चालवणे : टर्मिनलवर आज्ञा देऊन सॉफ्टवेअरचा कंटेनर (बाकीच्या यंत्रापासून वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्राम) सुरू करायचा आणि लगेच मोकळे व्हायचे, अशी ही पद्धत आहे. टर्मिनलची खिडकी बंद केली किंवा एसएसएच (दुरून संगणक चालवण्याची) जोडणी तुटली, तरी कंटेनरातील काम चालू राहते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘रन’ या आज्ञेला ‘-डी’ हा पर्याय जोडतात. डी हे ‘डिटॅच’चे आद्याक्षर. रावेर-सावद्याकडे कंटेनर म्हटले की परदेशी केळी नेणारी शीतपेटी डोळ्यांसमोर येते. सॉफ्टवेअरच्या कंटेनरलाही मालवाहू पेटीचीच उपमा देतात, पण साम्य तेवढ्यापुरतेच.

नोंदीतील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. उदाहरणासाठी रावेर तालुक्यातील एक काल्पनिक केळी खरेदी केंद्र घेतले आहे. तिथे उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेला एक संगणक आहे, तो इन्व्हर्टरवर चालतो आणि वजनकाट्याच्या पावत्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साठवतो.

स्वरूप : कंटेनर हा संगणकात बसवलेला दुसरा संगणक नव्हे. लिनक्सवर चालणारी ती एक साधी प्रक्रियाच असते, फक्त तिच्याभोवती भिंती उभ्या केलेल्या असतात. तिला बाहेरचे काय दिसावे हे नेमस्पेस ठरवतात. मेमरी आणि प्रोसेसर किती मिळावा हे सीग्रुप ठरवतात. सीग्रुप २००८ साली लिनक्स कर्नेलच्या (गाभ्याच्या) २.६.२४ या आवृत्तीत आले. ही सगळी जुळणी एका सोप्या आज्ञेत बांधून देणारे डॉकर २०१३ च्या मार्चमध्ये लोकांसमोर आले.

‘डॉकर’ ही आज्ञा म्हणजे निरोप्या. खरे काम ‘डॉकरडी’ ही कायम चालू असलेली सेवा करते. ‘-डी’ दिले नाही तर निरोप्या कंटेनरचे आउटपुट दाखवत टर्मिनलवर अडकून राहतो. ‘-डी’ दिले तर सेवेने कंटेनर सुरू केला की निरोप्या ६४ अक्षरांचा आयडी छापून निघून जातो. या आयडीचा अर्थ ‘कंटेनर सुरू केला’ एवढाच असतो. आतले काम नीट चालू आहे याची हमी त्यात नसते, आणि नवशिक्यांचे बरेचसे घोळ हा फरक न कळल्याने होतात. आज्ञेच्या शेवटी ‘&’ लावणे म्हणजे ‘-डी’ नव्हे; त्याने फक्त निरोप्या मागे जातो, आउटपुट मात्र टर्मिनलवर सांडतच राहते.

आज्ञा : वरील केंद्रासाठी पूर्ण आज्ञा एका ओळीत अशी द्यावी :

डॉकर रन -डी --नेम काटा --रिस्टार्ट ऑल्वेज -पी १२७.०.०.१:५४३२:५४३२ -व्ही काटा-डेटा:/वार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा --एन्व्ह-फाइल काटा.एन्व्ह -ई टीझेड=एशिया/कोलकाता पोस्टग्रेस:१६

ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्याला इमेज म्हणतात (इथे ‘पोस्टग्रेस:१६’). सगळे पर्याय इमेजच्या नावाआधी यायला हवेत. इमेजच्या नावानंतर जे काही लिहिले जाते ते आतल्या प्रोग्रामला मिळते, डॉकरला नाही. ‘-डी’ चुकून शेवटी गेले, तर डॉकर ते पोस्टग्रेसच्या हाती देतो आणि पोस्टग्रेस चूक दाखवून बंद पडते.

‘-पी’मध्ये डावीकडचा पोर्ट (नेटवर्कवरून प्रोग्रामपर्यंत नेणारे क्रमांकाचे दार) बाहेरचा, उजवीकडचा आतला. आधी १२७.०.०.१ लिहिले की डेटाबेस फक्त त्याच संगणकावरून दिसतो. नुसते ५४३२:५४३२ लिहिले तर तो सगळ्या नेटवर्क कार्डांवर उघडा पडतो. इथे यूएफडब्ल्यू फायरवॉलवर विसंबू नये. डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ नेटवर्क-नियमांत) स्वतः लिहितो आणि यूएफडब्ल्यूने बंद केलेला पोर्टही त्यातून उघडा राहू शकतो. शेजारच्या टेबलावरचा संगणक जोडायचा असेल तर १२७.०.०.१ च्या जागी यंत्राचा स्थानिक नेटवर्कवरचा पत्ता द्यावा.

‘-व्ही’मुळे डेटा ‘काटा-डेटा’ या नावाच्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठ्यात) जातो. हा पर्याय वगळला तरी पोस्टग्रेसची इमेज स्वतःहून एक निनावी व्हॉल्यूम बनवते. कंटेनर काढून नवा केला की नवे निनावी व्हॉल्यूम तयार होते आणि पावत्या गायब झाल्यासारख्या वाटतात. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ने पाहिल्यास जुने व्हॉल्यूम बहुधा ६४ अक्षरांच्या नावाने तिथेच पडलेले आढळते. आवृत्ती १८ पासून या इमेजमधील डेटाची जागा बदलली आहे आणि व्हॉल्यूम ‘/वार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’वर जोडावे लागते. म्हणूनच इमेजच्या नावापुढे आवृत्ती लिहिणे टाळू नये.

पासवर्ड ‘काटा.एन्व्ह’ फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे तो शेलच्या (टर्मिनलवर दिलेल्या आज्ञांच्या) इतिहासात राहत नाही. कंटेनरचा तपशील दाखवणाऱ्या ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये तो तरीही दिसतो. या फाइलमध्ये अवतरणचिन्हे घालू नयेत, कारण ती पासवर्डचाच भाग धरली जातात. शिवाय हा पासवर्ड डेटाबेस पहिल्यांदा तयार होताना एकदाच वाचला जातो. पुढे फाइलमध्ये कितीही बदल केले तरी आतला पासवर्ड तोच राहतो.

‘-ई टीझेड’ने दिलेले वेळक्षेत्र (टाइमझोन) किरकोळ वाटते, पण कंटेनर मूळ स्थितीत यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतात आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री २ वाजता भरलेल्या गाडीची नोंद आदल्या दिवशी रात्री ८:३० ला पडते आणि दिवसाचा हिशेब जुळत नाही. अल्पाइन लिनक्सवर बेतलेल्या इमेजमध्ये ‘टीझेडडेटा’ हे वेळक्षेत्रांच्या माहितीचे पॅकेज नसेल तर ‘टीझेड’ देऊनही उपयोग होत नाही.

इमेज आणणे : ‘-डी’ असले तरी इमेज उतरवण्याचे काम समोरच चालते आणि ते संपल्यावरच आयडी येतो. नेट मंद असलेल्या गावी त्यामुळे आधी ‘डॉकर पुल’ करून घ्यावे. त्याहून सोपे म्हणजे जळगावला ‘डॉकर सेव्ह’ने इमेजची टार फाइल बनवून पेनड्राइव्हवर न्यावी आणि केंद्रावर ‘डॉकर लोड’ करावे. मात्र दोन्ही यंत्रांच्या प्रोसेसरची जात एकच हवी. एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर जतन केलेली इमेज इंटेलच्या संगणकावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते.

सुरू झाल्याची खात्री : आयडी मिळाल्यावर दहाएक सेकंद थांबून ‘डॉकर पीएस’ पाहावे. कंटेनर यादीत नसेल तर ‘डॉकर पीएस -ए’ने बंद पडलेलेही दिसतात. त्यात ‘एक्झिटेड’पुढे कंसात असलेला अंक सगळ्यात उपयोगाचा. ० म्हणजे आतले काम संपले. १ हा बहुधा प्रोग्रामचा स्वतःचा दोष. पोस्टग्रेसला पासवर्ड दिला नाही तर हाच येतो. १२६ म्हणजे आज्ञा सापडली पण चालवता आली नाही, १२७ म्हणजे सापडलीच नाही. १३७ म्हणजे प्रक्रिया बळजबरीने मारली गेली, आणि कोणी मारली नसेल तर मेमरी संपल्याचा संशय घ्यावा. १२५ हा अंक टर्मिनलवरच मिळतो. तो डॉकरची स्वतःची चूक दाखवतो, उदाहरणार्थ पोर्ट आधीच दुसऱ्याने घेतलेला असणे. त्या वेळी कंटेनर ‘क्रिएटेड’ अवस्थेत पडून राहतो आणि नाव अडवून ठेवतो, म्हणून ‘डॉकर आरएम काटा’ केल्याशिवाय तीच आज्ञा पुन्हा चालत नाही.

सतत ‘रिस्टार्टिंग’ दिसत असेल तर कंटेनर पडतो आहे आणि डॉकर त्याला उठवतो आहे. हे अंतर १०० मिलिसेकंदांपासून दुप्पट होत एका मिनिटापर्यंत जाते. कारण ‘डॉकर लॉग्ज --टेल ५० काटा’मध्ये सापडते.

लगेच बंद पडणे : कंटेनरचे आयुष्य आतल्या पहिल्या प्रक्रियेइतकेच असते. ती संपली की कंटेनर संपला, ‘-डी’ त्याला धरून ठेवत नाही. म्हणून ‘सर्व्हिस एनजिनएक्स स्टार्ट’ (एनजिनएक्स हा वेब सर्व्हर) अशी आज्ञा दिलेला कंटेनर क्षणात बंद होतो. ती आज्ञा सर्व्हरला मागे ढकलून स्वतः संपते, आणि तिच्यासोबत सगळेच आवरले जाते. बाहेर पार्श्वभूमी हवी असेल तर आत प्रोग्राम समोर चालला पाहिजे. एनजिनएक्सला त्यासाठी ‘डीमन ऑफ’ असे सांगतात. नुसते बॅश (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) चालवले तरी तेच होते, कारण त्याला वाचायला काहीच नसते. तिथे ‘-डीआयटी’ द्यावे.

चालू कंटेनरात शिरायला ‘डॉकर एक्झेक -आयटी काटा बॅश’ वापरावे. ‘डॉकर अटॅच’ पहिल्या प्रक्रियेलाच जोडते आणि सवयीने कंट्रोल-सी दाबले की डेटाबेसच बंद होतो.

लॉग : नेहमीच्या मांडणीत डॉकर कंटेनरचे आउटपुट जेसन फाइलमध्ये साठवतो आणि त्या फाइलला आकाराची मर्यादा नसते. वर्षभर कोणी न पाहिलेल्या यंत्रावर डिस्क भरण्याचे हे नेहमीचे कारण. ‘--लॉग-ऑप्ट मॅक्स-साइझ=१०एम --लॉग-ऑप्ट मॅक्स-फाइल=३’ दिले की लॉग ३० एमबीच्या आसपास थांबतो. ही मर्यादा डॉकर सेवेच्या ‘डीमन.जेसन’ या मांडणीच्या फाइलमध्ये लिहिली तर ती फक्त नव्या कंटेनरांना लागू होते. पायथनच्या प्रोग्रामचे लॉग उशिरा किंवा तुकड्या-तुकड्यांनी दिसत असतील तर ‘पायथनअनबफर्ड=१’ हे चल द्यावे.

लाइट गेल्यावर : खानदेशात या विषयाचे खरे मर्म इथे आहे. पुनरारंभाची धोरणे चार आहेत : ‘नो’, ‘ऑन-फेल्युअर’, ‘ऑल्वेज’ आणि ‘अनलेस-स्टॉप्ड’. सर्वसाधारण सल्ला शेवटच्या धोरणाचा दिला जातो. इन्व्हर्टरच्या केंद्रावर मात्र तोच अंगाशी येतो. बॅटरी उतरत आली की जाणता कर्मचारी ‘डॉकर स्टॉप काटा’ करतो आणि संगणक बंद करतो. ‘अनलेस-स्टॉप्ड’ धोरणात हाताने थांबवलेला कंटेनर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर उठत नाही. सकाळी गाड्या उभ्या असतात आणि काटा बंद. ‘ऑल्वेज’ असेल तर डॉकर सेवा सुरू होताच कंटेनरही उठतो. कंटेनर न थांबवता सरळ संगणक शटडाउन केला तर दोन्ही धोरणे सारखीच वागतात.

धोरण कामाला यायचे तर आधी यंत्र उठले पाहिजे. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी. उबंटूवर डॉकर सेवा बूटच्या वेळी आपोआप सुरू होते. जिथे होत नाही तिथे ‘सिस्टमसीटीएल इनेबल डॉकर’ एकदा द्यावे. विंडोजवरचे डॉकर डेस्कटॉप कोणी लॉगिन करेपर्यंत सुरू होत नाही, म्हणून बिनमाणसाच्या यंत्रावर ते वापरू नये. ‘--आरएम’ आणि ‘--रिस्टार्ट’ एकत्र देता येत नाहीत.

‘डॉकर स्टॉप’ आधी सौम्य संकेत देतो, १० सेकंद वाट पाहतो आणि मग मारतो. मोठ्या डेटाबेसला १० सेकंद कमी पडतात. ‘डॉकर स्टॉप -टी ९० काटा’ असे द्यावे. मारले गेलेले पोस्टग्रेस पुढच्या वेळी आपली नोंदवही वाचून स्वतःला सावरते, पण तोवर जोडणी स्वीकारत नाही.

पॉडमॅन : डॉकरऐवजी वापरता येणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये मध्यवर्ती सेवा नाही. प्रत्येक कंटेनरवर ‘कॉनमॉन’ हा छोटा प्रोग्राम नजर ठेवतो. ‘-डी’ तसेच चालते, पण साध्या वापरकर्त्याने सुरू केलेला कंटेनर लॉगआउटनंतर बंद होऊ शकतो. त्यासाठी ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ द्यावे लागते. यंत्र चालू होताना कंटेनर उठवण्याची जबाबदारी सिस्टमडीवर (लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर) सोपवावी लागते.

दोनतीन कंटेनर एकमेकांवर अवलंबून असतील तर लांब आज्ञा पाठ करण्यापेक्षा कॉम्पोजची (सगळे कंटेनर एकत्र नोंदणारी) फाइल लिहून ‘डॉकर कॉम्पोज अप -डी’ देणे बरे. थांबवताना ‘डाउन’ पुरते. त्यापुढे ‘-व्ही’ लावले की फाइलमध्ये नोंदलेली व्हॉल्यूमही पुसली जातात, आणि त्याआधी कुठलीही विचारणा होत नाही.