ताजं व्हर्जन अख्खं, जुन्यासाठी फक्त सूचना

कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, गिट (कोडची सगळी जुनी व्हर्जन्स जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) कसं वापरायचं ते घडाघडा सांगतील, पण ती सगळी जुनी व्हर्जन्स डिस्कवर नेमकी कुठल्या रूपात असतात असं विचारलं की बरेच जण अडखळतात. मला तर त्यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. गिटच्या पोटात एकदम शिरलं तर जड जातं, म्हणून मी म्हणेन आधी आरसीएसची फाइल बघा, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि सरळ डोळ्यांनी वाचता येते.

आरसीएस म्हणजे रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम, गिटच्याच कामाचं एक जुनं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बनवली. त्याच्या आधी, १९७२ मध्ये, बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी याच कामासाठी एससीसीएस बनवलं होतं. त्यात सगळ्या व्हर्जन्सच्या ओळी एकाच फाइलमध्ये एकमेकींत विणलेल्या असायच्या, आणि कुठली ओळ कधी आली, कधी गेली याच्या खुणा मधे मधे. म्हणजे कालचं व्हर्जन काढा नाहीतर पाच वर्षांपूर्वीचं, वाचायला अख्खी फाइलच लागायची, आणि इतिहास वाढेल तसं सगळंच हळू होत जायचं.

टिचींनी बघितलं की माणसाला बहुतेक वेळा सगळ्यात ताजंच व्हर्जन हवं असतं. मग तेच पूर्णच्या पूर्ण ठेवायचं, आणि जुन्यांसाठी फक्त मागे कसं जायचं एवढं लिहून ठेवायचं. विहिरीच्या पायऱ्यांसारखं आहे हे, वरची पायरी कायम हाताशी आणि जितकं जुनं हवं तितकं खाली उतरायचं. दोन व्हर्जन्समधल्या फरकाच्या नोंदीला डेल्टा म्हणतात, आणि ती अशी उलट्या दिशेने असली की रिव्हर्स डेल्टा.

आता प्रत्यक्ष बघू. समजा वाचनालयाच्या वेळांची तीन ओळींची फाइल आहे. पहिली ओळ ‘सकाळी ८ ला उघडेल’, दुसरी ‘दुपारी १२ ला बंद’, तिसरी ‘सोमवारी सुट्टी’. हे झालं व्हर्जन १.१. नंतर कुणीतरी बंद व्हायची वेळ १ केली आणि १.२ तयार झालं. आता इतिहासाच्या फाइलमध्ये १.२ च्या तिन्ही ओळी जशाच्या तशा असतात, आणि १.१ च्या नावाखाली फक्त एवढंच (खऱ्या फाइलमध्ये डी आणि ए ही अक्षरं आणि आकडे रोमन असतात):

डी२ १
ए२ १
दुपारी १२ ला बंद

डी म्हणजे डिलीट, दुसऱ्या ओळीपासून एक ओळ काढा. ए म्हणजे ॲड, दुसऱ्या ओळीनंतर एक ओळ घाला, आणि ती ओळ खाली दिलेली आहे. बस, बदलाच्या फक्त दोन आज्ञा, बाकी काही नाही! एक बारकावा मात्र लक्षात ठेवायचा, ओळींचे नंबर नेहमी मूळ मजकुरातले धरायचे, म्हणजे वर पाच ओळी काढल्या म्हणून खालचे नंबर सरकत नाहीत. हे केलंय ते फार बरं केलंय, कारण त्यामुळे प्रोग्रॅम वरून खाली एका दमात वाचत जातो आणि मागे वळून बघावं लागत नाही.

या फाइलच्या नावाला शेवटी स्वल्पविराम आणि व्ही लागतं, म्हणून लोक तिला कॉमा-व्ही फाइल म्हणतात. सुरुवातीलाच ‘हेड’ म्हणून ताज्या व्हर्जनचा नंबर, मग प्रत्येक व्हर्जनची तारीख, लेखक आणि ‘नेक्स्ट’, म्हणजे याच्या मागचं कुठलं. मजकूर सगळा @ च्या दोन चिन्हांमध्ये बंद. आणि मजकुरातच @ आलं तर? मग ते दोनदा लिहायचं, संपलं. मराठी मजकूरही यात आरामात राहतो बरं का, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची आजची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं आणि त्यातला कुठलाच बाइट @ च्या बाइटसारखा नसतो, म्हणून गोंधळ व्हायचा प्रश्नच येत नाही. ही फाइल आखली तेव्हा यूटीएफ-८ जन्मालाही आलं नव्हतं! तारखांचंही बघा, १९९९ पर्यंत वर्षाचे दोनच आकडे, २००० पासून चार, म्हणजे जुन्या फाइलींना हात न लावता पुढचं शतक आत आलं.

फांद्यांचं, म्हणजे मुख्य इतिहासातून बाजूला फुटलेल्या व्हर्जन्सच्या ओळीचं (ब्रँचचं), गणित उलटं आहे. १.२ पासून फुटलेली फांदी १.२.१.१ अशी सुरू होते आणि तिथे डेल्टा पुढच्या दिशेने जातात. त्यामुळे फांदीचं टोक हवं असेल तर आधी ताज्यापासून मागे १.२ पर्यंत उतरायचं आणि तिथून पुन्हा पुढे चढायचं. थोडं महाग पडतं, पण मुख्य खोड जलद राहतं आणि तेच महत्त्वाचं होतं.

पुढे सीव्हीएस हे याच कामाचं सॉफ्टवेअर आलं, १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी ॲमस्टरडॅममध्ये शेल स्क्रिप्टमध्ये सुरू केलेलं, आणि त्याने हाच फॉरमॅट उचलला. तिथे मर्यादा उघड्या पडल्या, कारण प्रत्येक फाइलचा इतिहास स्वतंत्र कॉमा-व्हीमध्ये, तर दहा फाइलींचा एक बदल म्हणजे दहा ठिकाणी दहा नोंदी, आणि मधेच कनेक्शन तुटलं तर चार झाल्या आणि सहा राहिल्या. या दहा नोंदी एकाच बदलाच्या आहेत हे फाइलमध्ये बराच काळ कुठेच लिहिलेलं नसायचं. नंतर लोक सीव्हीएसमधून बाहेर पडायला लागले तेव्हा कन्व्हर्ट करणाऱ्या टूल्सना लेखक तोच, मेसेज तोच आणि वेळ जवळपासची असं बघून अंदाज बांधावा लागला. फाइलचं नाव बदलणंही तसंच अवघड, कारण इतिहास नावालाच बांधलेला.

गिटने, म्हणजे २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी, हे मुळातूनच वेगळं केलं. तिथे प्रत्येक कमिट (म्हणजे नोंदवलेला बदल) अख्ख्या प्रोजेक्टचं चित्र धरून ठेवतो आणि प्रत्येक वस्तूचं नाव तिच्या मजकुरावरूनच काढलेलं असतं, म्हणून एक बाइट बिघडला तरी कळतं. कॉमा-व्हीमध्ये असा चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचा पडताळा आकडा, नाहीच, आणि ही मला तिची खरी उणीव वाटते, कारण एससीसीएसमध्ये तो होता. पण गंमत बघा, गिट जेव्हा जागा वाचवायला सगळं पॅकफाइलमध्ये कोंबतं तेव्हा तिथेही डेल्टाच असतात, आणि सहसा नवं अख्खं आणि जुनं त्याच्यावरून काढलेलं असाच कल असतो. फक्त साखळी फार लांबू नये म्हणून मर्यादा घातलेली आहे, डीफॉल्ट ५० पायऱ्यांची.

कॉमा-व्हीमध्ये अशी मर्यादा नाही. मधली एक डेल्टा खराब झाली तर तिच्या मागचं सगळं अडकतं, ताजं मात्र शाबूत राहतं. आणि अडकलेलंही पुष्कळदा हाताने सोडवता येतं कारण सगळा साधा मजकूर आहे, डीचा नंबर चुकलाय की @ एकच राहिलंय हे एडिटरमध्ये दिसतं. पॅकफाइल अशी उघडून वाचता येत नाही, ती झेडलिब या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीने दाबलेली असते. ओपनबीएसडीवाले अजूनही सीव्हीएसवरच आहेत, म्हणजे एका अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा १९९५ पासूनचा इतिहास याच डी आणि ए मध्ये लिहिलेला आहे आणि अजून लिहिला जातोय. तुमच्याकडे जुन्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये अशी फाइल सापडली तर फेकू नका, आधी कॉपी करा, कॉपी एडिटरमध्ये उघडा, हेडचा नंबर बघा आणि तिथून एकेक नेक्स्ट धरत खाली जा.