मोशन कंट्रोल म्हणजे हात हवेत फेकणं नव्हे

मोशन कंट्रोल, म्हणजे कंट्रोलर हलवून गेम खेळणं, म्हटलं की लोक लगेच म्हणतात, ते टीव्हीसमोर उभं राहून हात फेकायचं ना, खांदा दुखतो, सिरीयस गेमिंगचं कामच नाही ते. 2006 ला निन्टेंडोचा वी (Wii) हा गेमिंग कन्सोल आला तेव्हापासून हे ऐकतोय, आणि ते खरं नाहीये.

मुळात वी रिमोटमध्ये, म्हणजे वीच्या कंट्रोलरमध्ये, सुरुवातीला हालचालीसाठी अ‍ॅक्सेलरोमीटर होता, म्हणजे झटका कळायचा पण हात नेमका किती वळला ते नीट कळायचं नाही, वळणं मोजणारा सेन्सर, म्हणजे जायरो, आला 2009 ला मोशनप्लस या रिमोटला जोडायच्या भागातून. आणि झटका मनगटाचा छोटासा दिला तरी बऱ्याचदा पुरायचा.

मला विचाराल तर वीचं खरं सुख वेगळंच होतं, एका हातात रिमोट, दुसऱ्यात नंचक (रिमोटला जोडायचा स्टिकवाला छोटा कंट्रोलर), मधे फक्त एक वायर, त्यामुळे दोन्ही हात मांडीवर कसेही टाकून मस्त मागे रेलून खेळता यायचं. नेहमीच्या कंट्रोलरवर हात एकत्र बांधल्यासारखे राहतात आणि खांदे नकळत पुढे येतात.

आता जायरो एमिंग, म्हणजे कंट्रोलर वळवून नेम धरणं, घ्या. प्लेस्टेशन 4 च्या ड्युअलशॉक 4 कंट्रोलरमध्ये आहे, निन्टेंडो स्विचच्या जॉयकॉन कंट्रोलरमध्ये आहे. मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचा बारीक नेम कंट्रोलर किंचित तिरका करून, कोपर उचलायचं कामच नाही. नुसत्या अंगठ्याने नेम पुढे जातो, मग मागे ओढा, परत पुढे... मनगटाने तो पटकन बसतो.

पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं हे मान्य. सेन्सिटिव्हिटी फार कमी ठेवली तर मनगट जास्त वळवावं लागतं, मग दुखणारच, म्हणून थोडी वाढवून बघा.